एका टोकनाची एकच वही

डिस्कॉर्ड या गप्पांच्या व्यासपीठावरचा बॉट जे काही करतो, ते बहुतेक विनंतीच्या रूपात करतो. संदेश टाकणे ही एक विनंती, तो पुसणे ही दुसरी, नव्या सदस्याला एखादी भूमिका देणे ही तिसरी. प्रत्येक विनंती एचटीटीपीने डिस्कॉर्डच्या एपीआयकडे (प्रोग्रामांसाठी ठेवलेल्या प्रवेशद्वाराकडे) जाते आणि सोबत बॉटचे टोकन नेते. टोकन म्हणजे ओळखपत्र आणि किल्ली एकातच. एका टोकनावर सेकंदाला ५० विनंत्या, ही डिस्कॉर्डची सर्वसाधारण मर्यादा आहे. तिच्या पोटात प्रत्येक प्रकारच्या कामाला आणि प्रत्येक चॅनेलला आणखी कडक मर्यादा आहेत. मर्यादा ओलांडली की काम होत नाही, उत्तरादाखल ४२९ हा आकडा येतो. बॉट आणि एपीआय यांच्या मध्ये बसून विनंत्या अडवणारा, त्यांना रांगेत लावणारा आणि मर्यादेत बसेल त्याच वेगाने पुढे सोडणारा प्रोग्राम म्हणजे दरमर्यादा सांभाळणारा प्रॉक्सी.

४२९ हा क्रमांक एप्रिल २०१२ मध्ये निघालेल्या आरएफसी ६५८५ या दस्तऐवजाने वेबच्या परिभाषेत आणला. त्याचा अर्थ सरळ आहे: फार विनंत्या झाल्या, जरा दमाने घ्या. किती दम धरायचा ते 'रिट्राय-आफ्टर' या हेडरमध्ये लिहिलेले असते. हेडर म्हणजे पाकिटावरचा मजकूर. आतले पत्र न वाचताही तो वाचता येतो. दरमर्यादेचा सारा व्यवहार या पाकिटावरच्या मजकुरावर चालतो.

अशी मर्यादा का घालावी लागते हे कळायला फारसे तांत्रिक ज्ञान लागत नाही. एखाद्या हौशी प्रोग्रामरच्या बॉटमध्ये लूप अडकला आणि तो एकाच चॅनेलवर संदेश ओतत सुटला, तर त्याचा भार सगळ्यांच्या वाट्याच्या यंत्रणेवर पडतो. म्हणून डिस्कॉर्ड अशा बॉटला अडवते, आणि अडवूनही तो ऐकत नसेल तर शिक्षा करते. ४०१ (ओळख पटली नाही), ४०३ (परवानगी नाही) आणि ४२९ या तीन उत्तरांची डिस्कॉर्ड मोजदाद ठेवते. एकाच आयपी पत्त्यावरून १० मिनिटांत अशी १०,००० उत्तरे गेली की तो पत्ताच काही काळ बंद होतो. मग त्या पत्त्यावरून चालणारे बाकीचे बॉट कितीही शहाण्यासारखे वागत असले तरी त्यांचेही काम थांबते. एका भाडेकरूपायी अख्ख्या वाड्याचे पाणी तुटावे, तसलाच हा प्रकार.

मर्यादा किती, हे आधी पाठ करून ठेवता येत नाही. आकडे प्रोग्राममध्ये कायमचे लिहून ठेवू नका, ते बदलतात, असे डिस्कॉर्डची कागदपत्रे बजावतात. त्याऐवजी प्रत्येक उत्तराच्या पाकिटावर चालू हिशेब येतो. 'लिमिट' म्हणजे एकूण किती परवानगी, 'रिमेनिंग' म्हणजे त्यातली उरली किती, 'रिसेट-आफ्टर' म्हणजे किती सेकंदांनी खाते पुन्हा भरणार, आणि 'बकेट' म्हणजे हा हिशेब कोणत्या बादलीचा, म्हणजे एकत्र मोजल्या जाणाऱ्या विनंत्यांच्या कोणत्या गटाचा. समजा एखाद्या चॅनेलवर संदेश टाकल्यावर लिमिट ५, रिमेनिंग ० आणि रिसेट-आफ्टर १.२५ असे उत्तर आले. याचा अर्थ त्या चॅनेलवरचा पुढचा संदेश सव्वा सेकंद थांबवायचा. दुसऱ्या चॅनेलवरचा संदेश मात्र लगेच जाऊ शकतो, कारण त्याची बादली वेगळी.

बॉट एकच प्रोग्राम म्हणून एकाच यंत्रावर चालत असेल, तर हे सगळे त्याच्या लायब्ररीत आयतेच मिळते. डिस्कॉर्ड डॉट जेएस आणि डिस्कॉर्ड डॉट पाय या दोन्ही लोकप्रिय लायब्रऱ्या पाकिटावरचे आकडे वाचतात, स्मृतीत नोंदवतात आणि गरज पडली की स्वतःच थांबतात. अशा बॉटला प्रॉक्सी लावणे म्हणजे दोन माणसांच्या घरात मुनीम ठेवणे.

अडचण बॉट मोठा झाल्यावर सुरू होते. डिस्कॉर्डवरच्या एकेका समूहाला वापरणारे 'सर्व्हर' म्हणतात, एपीआयच्या भाषेत मात्र तो 'गिल्ड' असतो (इथल्या सर्व्हरचा संगणकाच्या सर्व्हरशी काही संबंध नाही, आणि या नावाने नवख्यांचा पुष्कळ गोंधळ उडतो). घडामोडी ऐकण्यासाठी बॉट जी कायमची जोडणी उघडतो, त्या एका जोडणीवर २,५०० पेक्षा जास्त गिल्ड चालत नाहीत. १०,००० गिल्डमध्ये असलेल्या बॉटला किमान चार जोडण्या लागतात. या तुकड्यांना शार्ड म्हणतात, आणि भार वाढला की ते वेगवेगळ्या प्रक्रियांमध्ये, पुढे वेगवेगळ्या यंत्रांवर वाटले जातात. शिवाय संकेतस्थळाचा डॅशबोर्ड असतो, रोजच्या सूचना पाठवणारा वेगळा प्रोग्राम असतो. सगळ्यांच्या हातात टोकन एकच.

आता प्रत्येक प्रक्रियेतली लायब्ररी आपापली वही उघडून बसते आणि सेकंदाला ५० चा हक्क एकट्याचा समजते. चार प्रक्रियांनी जोर लावला तर २०० विनंत्या निघतात. मर्यादा टोकनाची आहे, प्रोग्रामची नाही, हे वहीला कुठून कळणार? एकाच बँक खात्यावर चार भावांनी चार वेगवेगळ्या पासबुकांत हिशेब लिहावा आणि चौघांनीही खात्यात पूर्ण रक्कम आहे असे धरून चालावे, त्यातली गत.

यावर पहिला सुचणारा उपाय वाटणीचा: प्रत्येकाला सेकंदाला १२. पण चारपैकी तीन प्रक्रिया रिकाम्या बसल्या असताना चौथीला १२ वरच अडावे लागते, आणि चॅनेलच्या बादल्यांचा प्रश्न तसाच राहतो. दुसरा उपाय म्हणजे रेडिससारख्या सामाईक साठ्यात एकच हिशेब ठेवणे. हा चालतो, पण प्रत्येक लायब्ररीला तो हिशेब वाचायला आणि लिहायला शिकवावे लागते. बॉट रस्टमध्ये, डॅशबोर्ड जावास्क्रिप्टमध्ये आणि सूचनांचा प्रोग्राम पायथनमध्ये असेल तर तेच काम तीनदा होते, आणि तीनदा चुकते. तिसरा उपाय प्रॉक्सीचा. त्यात प्रोग्राम काही मोजत नाहीत. सगळे एकाच खिडकीवर विनंती देतात, आणि वही फक्त खिडकीमागच्या कारकुनाकडे असते.

अशा प्रॉक्सीसाठी एनजिनएक्ससारखा तयार वेब सर्व्हर का चालत नाही, हा प्रश्न जाणकारांच्याही मनात येतो. एनजिनएक्समध्ये दरमर्यादेची सोय आहेच. पण ती दारावरच्या पहारेकऱ्यासारखी आहे: बाहेरून येणाऱ्यांपासून आपल्या घराचे रक्षण करायचे, ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त आले तर ठरावीक संख्येपर्यंत ताटकळत ठेवायचे आणि उरलेल्यांना परत पाठवायचे. परत पाठवताना तो मूळच्या मांडणीत ५०३ हे उत्तर देतो, सांगितले तर ४२९ देतो. इथे हवे आहे उलटे. मर्यादा आपली नाही, समोरच्याची आहे, दर उत्तरागणिक बदलते, आणि ते उत्तर वाचून पुढची चाल ठरवायची आहे. पहारेकऱ्याला आलेली पत्रे वाचण्याचे काम दिलेले नसते.

प्रॉक्सीच्या आत शिरले की पहिले काम असते विनंतीचा मार्ग ओळखण्याचे. पत्त्यात लांबलचक क्रमांक असतात: चॅनेलचा क्रमांक, संदेशाचा क्रमांक, सदस्याचा क्रमांक. प्रत्येक वेगळ्या पत्त्याला वेगळी बादली दिली तर लाखो बादल्या होतील आणि एकीचाही हिशेब खरा नसेल. म्हणून संदेशाचा क्रमांक पुसून त्या जागी एक ठरलेली खूण घालतात. चॅनेल, गिल्ड आणि वेबहुक (बाहेरून थेट चॅनेलवर संदेश टाकण्याचा पत्ता) यांचे क्रमांक मात्र जसेच्या तसे ठेवतात, कारण डिस्कॉर्ड त्यांच्यागणिक स्वतंत्र मोजते. विनंतीची क्रियाही पाहावी लागते: संदेश पाठवणे आणि संदेश पुसणे यांच्या बादल्या वेगळ्या असू शकतात. एवढे करूनही काही मार्ग शिस्तीत बसत नाहीत. इमोजी घालण्या-काढण्याची मर्यादा गिल्डनुसार असते आणि तिथे पाकिटावर येणारे आकडे चुकीचे असू शकतात, हे डिस्कॉर्डनेच लिहून ठेवले आहे. तिथे ४२९ येणार हे गृहीत धरूनच चालावे लागते.

दुसरी गोष्ट पहिल्या विनंतीची. कोणत्या मार्गाची बादली कोणती, हे उत्तर आल्याशिवाय कळत नाही. प्रॉक्सी नुकताच सुरू झाला आणि एकाच अनोळखी मार्गावर ४० विनंत्या एकदम आल्या, तर चाळीसही सोडून देणे अंगाशी येते. रीत अशी की एक सोडायची, बाकीच्या रोखायच्या, पहिलीचे पाकीट आले की आकडे वाचून मग पुढच्या सोडायच्या. पाणी किती खोल आहे ते आधी काठीने पाहावे, तसेच. प्रॉक्सी बंद पडून पुन्हा सुरू झाला तरी हाच क्रम. त्याची स्मृती गेलेली असते, डिस्कॉर्डची नाही.

तिसऱ्या गोष्टीत बहुतेक नवे प्रॉक्सी फसतात. 'रिमेनिंग'चा आकडा विनंती पाठवताना कमी करायचा की उत्तर आल्यावर? उत्तर येईपर्यंत पाव सेकंद गेला, तर तेवढ्या वेळात खाते भरलेले समजून आणखी दहा विनंत्या निसटतात. म्हणून विनंती दाराबाहेर पडते त्याच क्षणी एक वजा करायचा आणि उत्तर आल्यावर पाकिटावरच्या आकड्याशी ताळा जुळवायचा. ताळा जुळवतानाही वाटेत असलेल्या विनंत्या विसरून चालत नाही. उत्तरे पाठवलेल्या क्रमानेच परत येतील याची खात्री नसते, आणि उशिरा आलेले जुने उत्तर वहीत जुना, मोठा आकडा लिहून जाऊ शकते.

वेळेचा हिशेबही असाच नाजूक. डिस्कॉर्ड 'रिसेट' हा आणखी एक आकडा देते, तो खाते भरण्याची घड्याळी वेळ सांगतो. प्रॉक्सीच्या यंत्राचे घड्याळ दोन सेकंद मागे-पुढे असेल तर हा आकडा घात करतो. 'रिसेट-आफ्टर' आतापासून किती सेकंद एवढेच सांगतो, म्हणून घड्याळ चुकले तरी तो चुकत नाही.

सेकंदाला ५० या सर्वसाधारण मर्यादेसाठी पाठ्यपुस्तकातली प्रसिद्ध रीत म्हणजे टोकन-बादली. (हे टोकन बॉटच्या टोकनापेक्षा वेगळे; शब्द तोच पडला याला इलाज नाही.) बादलीत ५० बिल्ले, दर २० मिलिसेकंदांना एक नवा बिल्ला पडतो, प्रत्येक विनंती एक बिल्ला घेऊन जाते, बादली भरली की नवे बिल्ले वाया. रीत देखणी आहे, पण इथे तिच्यात एक खोच आहे. बादली भरलेली असताना एकदम गर्दी आली, तर साठलेले ५० बिल्ले क्षणात जातात आणि पुढच्या सेकंदाभरात पडणारे नवे जवळजवळ ५०ही जातात. एका सेकंदात शंभराच्या आसपास विनंत्या! सरासरी बरोबर, मर्यादा मोडलेली. त्यापेक्षा साधा हिशेब भरवशाचा: शेवटच्या ५० विनंत्या किती वाजता निघाल्या त्या वेळा लक्षात ठेवायच्या, आणि एक्कावन्नावी त्यांतल्या पहिलीला पूर्ण सेकंद झाल्याशिवाय सोडायची नाही. एवढे करूनही वाटेतल्या विलंबामुळे इथून नीट अंतराने निघालेल्या विनंत्या तिथे दाटीवाटीने पोचतात. म्हणून शहाणी मांडणी ५० ऐवजी ४५ च्या आसपास थांबते. पाच विनंत्यांचा लोभ सोडला की बऱ्याच कटकटी टळतात.

काही विनंत्यांना या रांगेतून वाट मोकळी करून द्यावीच लागते. वापरणाऱ्याने स्लॅश-आज्ञा दिली किंवा बटण दाबले की बॉटला तीन सेकंदांत पहिले उत्तर द्यावे लागते, नाहीतर वापरणाऱ्याच्या पडद्यावर अपयशाचा संदेश झळकतो. या उत्तरांना ५० ची सर्वसाधारण मर्यादा लागू नाही. ती इतरांच्या मागे उभी करणे म्हणजे ज्याला रांग लागतच नाही त्याला ताटकळत ठेवणे. प्रॉक्सीने मार्ग ओळखतानाच त्यांना बाजूला काढावे.

इतकी काळजी घेऊनही ४२९ कधी ना कधी येतो. तेव्हा पाकिटावरचा 'स्कोप' वाचायचा. 'यूझर' असेल तर चूक आपलीच, त्या एका बादलीपुरती. 'ग्लोबल' असेल तर सगळ्याच बादल्या सांगितलेला वेळ रोखायच्या. 'शेअर्ड' असेल तर तो विशिष्ट चॅनेल किंवा गिल्ड इतरांच्याही वापराने भरला आहे. हा प्रकार १०,००० च्या हिशेबात धरला जात नाही. ४०१ आला तर टोकनच चालत नाही असे समजून सगळे थांबवावे, पुन्हा पुन्हा दार ठोठावू नये. पत्ता बंद होण्याची पाळी येते ती बहुधा अशाच हट्टाने.

प्रत्यक्ष उभारणीसाठी सगळे शून्यातून लिहायची गरज नसते. रस्टमधल्या ट्वायलाइट प्रकल्पाचा एचटीटीपी-प्रॉक्सी आणि गो भाषेतला निर्न-प्रॉक्सी हे दोन्ही मुक्तस्रोत आहेत आणि कंटेनर म्हणून चालवता येतात. दोघांचा स्वभाव वेगळा. ट्वायलाइटचा प्रॉक्सी टोकन पर्यावरण-चलातून स्वतःकडे घेतो आणि बाहेर जाणाऱ्या विनंतीवर लावतो. निर्न-प्रॉक्सी पारदर्शक आहे. विनंतीसोबत आलेले टोकन तसेच पुढे नेतो, त्यामुळे अनेक बॉटांना एकच प्रॉक्सी पुरतो. पहिल्या रीतीत एक धोका दडलेला आहे. टोकन प्रॉक्सीच लावत असेल तर त्याच्या पोर्टपर्यंत पोचणारा कोणीही बॉटच्या नावाने वाटेल ते करू शकतो. तो पोर्ट उघड्या इंटरनेटवर कधीच ठेवायचा नाही, फक्त आतल्या जाळ्यात ठेवायचा. आतला टप्पा साध्या एचटीटीपीचा असला तरी चालतो, बाहेरचा टप्पा एन्क्रिप्टेडच हवा.

मग बॉटच्या बाजूला तीन बदल करावे लागतात. लायब्ररीला डिस्कॉर्डच्या पत्त्याऐवजी प्रॉक्सीचा पत्ता द्यायचा. तिची स्वतःची मोजदाद बंद करायची. दोन कारकून एकाच कामाला लावले की दोघेही एकमेकांची वाट पाहत बसतात. आणि वाट पाहण्याची मुदत वाढवायची. हा तिसरा बदल हमखास विसरला जातो. प्रॉक्सी विनंती मुद्दाम रोखून धरतो. लायब्ररीला मात्र वाटते की पलीकडचा मेला, म्हणून ती मुदत संपताच तीच विनंती पुन्हा पाठवते. रांग दुप्पट होते, आणि चॅनेलवर तोच संदेश दोनदा उमटतो. मागणारा निघून गेला असेल तर त्याची विनंती रांगेतून काढून टाकणे हे प्रॉक्सीचे काम. शिवाय संदेशासोबत 'नॉन्स' ही खूण देऊन ती काटेकोर तपासायला डिस्कॉर्डला सांगता येते. मग नुकताच आलेला तोच संदेश दुसऱ्यांदा उमटत नाही.

रांगेला अंत असावा लागतो. सेकंदाला ५० विनंत्या बाहेर जात असताना ६० येत राहिल्या, तर दर सेकंदाला १० मागे साठतात. दहा मिनिटांत ६,००० साठल्या की शेवटच्या विनंतीला दोन मिनिटे थांबावे लागते. 'आता खेळ सुरू होतोय' ही सूचना दोन मिनिटांनी पोचली तर ती न पोचलेलीच बरी. म्हणून रांगेची लांबी ठरवून द्यायची आणि भरल्यावर नव्या विनंतीला स्पष्ट नकार द्यायचा. प्रॉक्सी विनंत्यांची संख्या कमी करत नाही, त्या पसरवतो, हे कामावर बसलेल्यांच्याही लक्षात उशिरा येते. रांग सतत भरलेली असेल तर दुरुस्ती बॉटमध्ये करावी लागते: दहा ओळींचे दहा संदेश न पाठवता एक पाठवावा, एकदा विचारलेली माहिती जपून ठेवावी. हे दिसावे म्हणून रांगेची लांबी, सरासरी थांबण्याचा वेळ आणि ४२९ ची संख्या प्रोमिथियससारख्या मोजमाप-साधनाला देतात.

एकच प्रॉक्सी बंद पडला तर सगळेच थांबते, म्हणून मोठ्या ठिकाणी दोन-तीन चालवावेसे वाटतात. आणि तिथे सुरुवातीचाच प्रश्न परत दारात उभा राहतो: वह्या पुन्हा तीन झाल्या. निर्न-प्रॉक्सीने त्यावर काढलेली तोड अशी की बादलीच्या नावावरून गणित करून ती कोणत्या प्रॉक्सीच्या ताब्यात ते ठरवायचे. विनंती कोणत्याही प्रॉक्सीवर येवो, तो ती हक्काच्या प्रॉक्सीकडे सरकवतो. प्रॉक्सी तीन, पण एका बादलीची वही एकच.

इतर व्यासपीठांवर तत्त्व तेच, तपशील निराळा. टेलिग्राम आपल्या बॉटांसाठी मर्यादा शब्दांत सांगतो: एका गप्पेत सेकंदाला एकापेक्षा जास्त संदेश टाळा, गटात मिनिटाला २० च्या वर जाऊ नका, आणि सर्वांना मिळून विनाशुल्क सेकंदाला सुमारे ३०. उरलेल्या परवानगीचा आकडा पाकिटावर येत नाही. तिथल्या प्रॉक्सीला हे आकडे आधीच सांगून ठेवावे लागतात आणि तो ४२९ मधल्या सूचनेवरूनच सावरतो. स्लॅकने एपीआयच्या पद्धतींच्या श्रेण्या पाडल्या आहेत, मोजणी मिनिटाची असते. संदेश टाकण्याला मात्र एका चॅनेलवर साधारण सेकंदाला एक हा वेगळा नियम आहे.

उभारलेला प्रॉक्सी खऱ्या एपीआयवर तपासू नये. मुद्दाम ४२९ देणारा, कधी उशिरा तर कधी उलट्या क्रमाने उत्तर देणारा एक खोटा सर्व्हर लिहायला अर्धा दिवस पुरतो, आणि वर सांगितलेल्या बहुतेक चुका तिथेच उघड्या पडतात.

एक वाहतूक या प्रॉक्सीतून जातच नाही: घडामोडी ऐकण्याची कायमची जोडणी. तिच्यावर बॉट ६० सेकंदांत १२० पर्यंत संदेश पाठवू शकतो, ओलांडल्यास जोडणी तोडली जाते. ही मर्यादा प्रत्येक जोडणीची स्वतंत्र असल्यामुळे तिथे ज्या त्या प्रक्रियेची वही पुरते. नव्याने ओळख देऊन जोडणी उघडण्याची मर्यादा मात्र, २४ तासांत साधारण १,०००, पुन्हा टोकनाला लागू होते. तिच्यासाठी सगळ्या शार्डांना पाळीपाळीने सोडणारा एक वेगळा छोटा प्रोग्राम ठेवतात. ती संपली तर डिस्कॉर्ड ४२९ देऊन थांबत नाही: चालू जोडण्या सगळ्या तोडते, टोकन रद्द करते आणि मालकाला तसे ईमेलने कळवते.